स्वयंपाकघरातली प्रयोगशाळा : पीचच्या बरण्या



ऑगस्ट आला की आपल्या सेंटर काउंटीतल्या बागांत पीच पिकतात आणि अर्धा बुशेल, म्हणजे सुमारे २४ पौंड, घरी आणण्याचा मोह आवरत नाही. दोन दिवस घरभर घमघमाट, पाचव्या दिवशी चिलटे! यंदा आम्ही बरण्या भरायचे ठरवले. इथे याला कॅनिंग म्हणतात, पण घरी करताना डबा नसतो, काचेची बरणी असते. एका क्वार्टच्या बरणीला साधारण अडीच पौंड फळ लागते.

आमच्याकडे सध्या पुण्याहून आई आल्या आहेत. त्यांचा सल्ला तयार होता : "साखरेत हात आखडू नका, म्हणजे वर्षभर हलणार नाही." मुरंब्याच्या बाबतीत हे शंभर टक्के खरे. साखर फळातले पाणी धरून ठेवते आणि जंतूंना ते मिळत नाही. लोणच्यात हेच काम मीठ आणि कैरीचा आंबटपणा मिळून करतात. पीचच्या बरणीत मात्र पाक अगदी पातळ असतो. त्यातली साखर चवीसाठी आणि रंगासाठी. नुसत्या पाण्यातही फळ टिकते. टिकवणारी असते ती उष्णता, हवाबंद झाकण आणि फळाचा स्वतःचा आंबटपणा.

ही युक्ती फ्रान्सच्या निकोला आपेअर या मिठाईवाल्याची. १८१० साली सरकारने त्याला त्यासाठी १२,००० फ्रँक दिले. ती का चालते, हे पुढे पाश्चरच्या संशोधनानंतर कळले. आपण सणासुदीला आमरसाचा जो डबा फोडतो, तोही याच युक्तीवर टिकतो.

आता महत्त्वाचे. बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. हवाबंद आणि कमी आंबट जागा मिळाली की ते वाढतात आणि जीवघेणे विष तयार करतात. त्या विषाला वास असेलच असे नाही. पीएच ४.६ किंवा त्याखाली असेल तर ते वाढत नाहीत. पिवळा पीच या रेषेच्या खाली असतो. पांढऱ्या गराच्या काही जाती मात्र रेषेच्या वर जातात, म्हणून त्या बरणीत भरू नयेत, तशाच खाव्यात. टोमॅटो काठावरचा. त्याच्या क्वार्टला दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबाचा रस घालावा. ताजे लिंबू नको, कारण त्याचा आंबटपणा दर फळाला बदलतो.

दुसरी गोष्ट खास आपल्या गावाची. स्टेट कॉलेज हजार फुटांहून उंचावर आहे, त्यामुळे इथे पाणी २१२ ऐवजी सुमारे २१० अंश फॅरनहाइटलाच उकळते. सरकारी तक्त्यात हजार फुटांवरच्या गावांना पाच मिनिटे जास्त दिली आहेत. म्हणजे न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ राहणाऱ्या मावशीने फोनवर सांगितलेली वेळ इथे पुरत नाही.

कृती थोडक्यात अशी. पीच अर्धा ते एक मिनिट उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात; साल हाताने निघते. अर्ध्या फोडी पाकात उकळी येईपर्यंत तापवून गरम बरणीत भराव्यात. वर अर्धा इंच जागा ठेवावी, हवेचे बुडबुडे काढावेत, काठ पुसून नवे झाकण लावावे. झाकणावर निदान एक इंच पाणी हवे. पाणी खळखळा उकळू लागल्यावर घड्याळ लावायचे : इथे पाइंटला २५ मिनिटे, क्वार्टला ३०. मग १२ ते २४ तास हात लावू नये. झाकण खोलगट बसले नसेल ती बरणी फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावी. पण झाकण घट्ट बसले म्हणून वेळ कमी दिलेली चालते, असे मात्र नाही.

भेंडी, मका, घेवडा यांना हा मार्ग बंद. त्यांना सुमारे २४० अंश लागतात आणि त्यासाठी खास प्रेशर कॅनर. आपला भारतातून आणलेला कुकर लहान, लवकर तापतो आणि लवकर निवतो. तिथे शिट्ट्या मोजून भागत नाही. तपासलेल्या वेळा आणि कृती पेन स्टेट एक्स्टेंशनकडे मिळतात.

आईंनी अंदाज बाजूला ठेवून घड्याळ हाती घेतले आणि एकही बरणी वेळेआधी बाहेर येऊ दिली नाही.

दिवाळीच्या जेवणाला आम्ही चार बरण्या आणू. प्रत्येकीवर तारीख, फळाची जात आणि उकळल्याची मिनिटे लिहिलेली असतील. पंगतीत सगळ्यांची मुले जेवतात, म्हणून तुम्ही बरणी आणलीत तर एवढे जरूर लिहून आणा.