पोस्ट बेसिकची पदवी आणि तिचा हिशेब

जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, म्हणजे जीएनएम, ही तीन वर्षांची पदविका घेऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवलेल्या परिचारिकेला पदवीसाठी पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागत नाही. तिच्यासाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. राज्यात तो शिकवणारी बहुतेक महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. शासकीय जागा मोजक्या असल्याने अनेकींच्या वाट्याला खासगी महाविद्यालय येते आणि खर्चाचा प्रश्न तिथे उभा राहतो. हा निर्णय सहसा एकटीचा नसतो. त्यात वडिलांनी काढलेले कर्ज असते, धाकट्या भावाचे शिक्षण असते, नवऱ्याची बदली असते, कधी पाळणाघरात ठेवायचे मूल असते. अशा घरातून बाहेर पडणारा पैसा ऐकीव भरवशावर खर्च होऊ नये. पदवीच्या बाजूने आणि विरुद्ध जे ठामपणे बोलले जाते, ते म्हणूनच एकेक करून तपासावे लागते.

पहिला पूर्वपक्ष असा, की पदवी झाली की पगार वाढतो. महाविद्यालयांच्या जाहिराती हेच सांगतात, नातेवाईकही हेच सांगतात. भारतातल्या रुग्णालयांतली वेतनाची रचना पाहिली तर हे विधान बहुतांशी टिकत नाही. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत अधिपरिचारिकेचे पद सातव्या वेतन आयोगानुसार एस-१३ या स्तरावर आहे. मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. जीएनएम झालेली आणि बीएस्सी झालेली, दोघी त्याच पदासाठी अर्ज करतात आणि निवड झाल्यावर त्याच वेतनावर रुजू होतात. केंद्राच्या एम्स संस्थांमध्ये, नागपूरच्या एम्ससह, नर्सिंग ऑफिसरची भरती नॉरसेट या सामाईक परीक्षेतून होते. तिथे सातव्या स्तराचे मूळ वेतन ४४,९०० रुपये आहे. पदवीधर उमेदवार थेट पात्र ठरतो. जीएनएम झालेल्याला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. या अटीत सगळा हिशेब दडलेला आहे. पोस्ट बेसिकलाही दोन वर्षे लागतात आणि अनुभवालाही दोनच. एका वाटेवर परिचारिका फी भरते, दुसरीवर तिला पगार मिळतो. दोन्ही वाटा एकाच परीक्षेच्या दारात येऊन थांबतात.

खासगी रुग्णालयांची गोष्ट याहून कठोर आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने खासगी परिचारिकांच्या वेतनासाठी शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन द्यावे, १०० हून अधिक खाटा असतील तर त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांत फार तर २५ टक्के कमी आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिन्याला किमान २०,००० रुपये, असे ते प्रमाण होते. या शिफारशींची अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली आणि छोट्या नर्सिंग होममधल्या कितीतरी परिचारिकांपर्यंत ती पोहोचलीच नाही. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. समितीनेही वेतन रुग्णालयाच्या खाटांशी जोडले. त्याच खाटेजवळ, त्याच ड्युटीत, तेच सलाईन लावणाऱ्या दोघींपैकी पदवीधर परिचारिकेला जास्त द्यावे, असा दंडक या शिफारशींत कुठेही नाही. रुग्णालयाने स्वतःहून हजार-दोन हजार वाढवले तर वाढले. त्यावर कर्ज काढण्याचा निर्णय उभा करता येत नाही.

कर्जाचे आकडे मांडले की हे अधिक स्पष्ट होते. समजा, एखादी परिचारिका महिन्याला २०,००० रुपये कमावते. पूर्ण वेळ शिकण्यासाठी नोकरी सोडली तर दोन वर्षांत ४,८०,००० रुपयांचा पगार बुडतो. फी, वसतिगृह, गणवेश, परीक्षा आणि प्रवास मिळून दोन वर्षांचा खर्च २,५०,००० रुपये धरला तर एकूण बोजा ७,३०,००० रुपये होतो. पदवीनंतर त्याच प्रकारच्या रुग्णालयात महिन्याला २,००० रुपये जास्त मिळाले तर वर्षाचे २४,००० होतात. बोजा फिटायला ३० वर्षे पुरत नाहीत. आणि यात व्याज धरलेले नाही. अडीच लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचे तर हप्ताच सुमारे ५,३०० रुपयांचा बसतो, वाढीव पगाराच्या अडीचपटीहून अधिक. बहुतेक घरांत फीचा आकडा तेवढा मोजला जातो. बुडालेला पगार कुणी वहीत लिहीत नाही, आणि या उदाहरणात तो फीसह सगळ्या खर्चाच्या जवळजवळ दुप्पट आहे.

दुसरा पूर्वपक्ष भीतीचा आहे: जीएनएम बंद होणार, मग पदविकेला किंमत राहणार नाही. पदविका थांबवून प्रवेशाची पातळीच पदवी करण्याचा विचार काही वर्षांपूर्वी भारतीय परिचर्या परिषदेच्या स्तरावर पुढे आला, तेव्हापासून ही भीती वॉर्डावॉर्डांत फिरते आहे. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिसाहाय्य आयोगाचा कायदा केला. तो १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी आहे. या बदलामुळे भीतीला पुन्हा धार आली. परंतु एखादा अभ्यासक्रम नव्या विद्यार्थिनींसाठी बंद होणे आणि जुन्या नोंदणीकृत परिचारिकेची नोंदणी रद्द होणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. परिषदेच्या नोंदवहीत नाव असलेली परिचारिका आपल्या नोंदणीचे वेळेवर नूतनीकरण करत राहिली, तर केवळ अभ्यासक्रम बंद झाल्याने ती परिचारिका राहत नाही असे होत नाही. ‘आता घेतली नाही तर कायमची मागे पडशील’ हे वाक्य प्रवेशाच्या हंगामात फार ऐकू येते. त्यावर विसंबून घाईने प्रवेश घेण्याचे कारण नाही.

इथपर्यंतच्या खंडनातून पदवी म्हणजे नुसता कागद, असा निष्कर्ष काढणे ही उलट टोकाची चूक ठरेल. अनुभवी सिस्टर्समध्ये हा सूर मोठा आहे आणि त्यामागचा अभिमान रास्तही आहे. रात्रीच्या ड्युटीत रुग्ण कोसळताना ओळखणे पुस्तकाने शिकवत नाही. तरी पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. २०१४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या नऊ देशांतील ३०० रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या ४,२२,७३० रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. रुग्णालयात पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तर ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी आढळली. त्याच अभ्यासात एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की ती शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. असा अभ्यास संबंध दाखवतो, कार्यकारणभाव सिद्ध करत नाही. युरोपातल्या रुग्णालयांचे गणित जिल्हा रुग्णालयाला जसेच्या तसे लावताही येत नाही. पण शिक्षणाचा रुग्णाच्या जिवाशी काही संबंध नाही, असे त्यानंतर म्हणता येत नाही. परिचारिकेच्या शिक्षणाचा लाभ रुग्णाला होतो आणि त्याची किंमत ती एकटी भरते. ही विषमता खुपणारी आहे. तो खर्च समाजाने, निदान रुग्णालयाने उचलायला हवा, ही मागणी परिचारिकांनी संकोच न करता करावी.

अभ्यासक्रमात काय शिकवतात हे पाहिले तरी कागदाचा आरोप गळून पडतो. पहिल्या वर्षात जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र आणि मानसशास्त्र यांची उजळणी अधिक खोलात होते. दुसऱ्या वर्षात अध्यापन, परिचर्या सेवेचे व्यवस्थापन, संशोधन आणि संख्याशास्त्र येते. वॉर्डमध्ये संसर्ग का वाढला याची नोंद ठेवून कारण शोधणे, ड्युटी लावताना मनुष्यबळाचा हिशेब मांडणे, नव्या विद्यार्थिनीला प्रक्रिया शिकवणे ही कामे जीएनएम परिचारिका करतेच, पण ती तिला निरीक्षणातून शिकावी लागतात.

मंडन करायचे ते इथून. पदवीची किंमत तिच्यामुळे कोणते बंद दार उघडते, यावर ठरते. सैनिकी परिचर्या सेवेत अधिकारी म्हणून अल्पकालीन कमिशन हवे असेल तर नर्सिंगची पदवी लागते. जीएनएमवर तो अर्ज भरता येत नाही. वयाची मर्यादा असल्याने तिथे उशीर महागात पडतो. एम.एस्सी. नर्सिंगचे दार पदवीशिवाय उघडतच नाही, आणि नर्सिंग महाविद्यालयात वरच्या पदांवर शिकवायचे असेल तर एम.एस्सी. लागते. अतिदक्षता विभागातल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रमही पदवीधरांसाठीच आहे. यापैकी एखाद्या ठिकाणी पोहोचायचे नक्की असेल, तर पोस्ट बेसिक ही मधली पायरी आहे आणि तिचा खर्च पुढच्या पायरीसह मोजावा लागतो. एम.एस्सी.ची दोन वर्षे हिशेबात न धरता ‘शिकवायला जायचे आहे’ म्हणणे अपुरे पडते.

परदेशाच्या बाबतीत देशागणिक उत्तर बदलते, आणि सर्वांत जास्त पैसा चुकीच्या समजापोटी इथेच जातो. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत परिचारिकेची किमान पात्रता पदवी मानली जाते. सौदी अरेबियात पदविकाधारकाला तंत्रज्ञाच्या श्रेणीत आणि पदवीधराला त्यावरच्या श्रेणीत नोंदवतात. या देशांकडे डोळे असतील तर पदवीचा खर्च समजण्यासारखा आहे. जर्मनीचे तसे नाही. तिथे परिचर्या हे परंपरेने तीन वर्षांचे व्यावसायिक प्रशिक्षण आहे. तिथे अडचण असते ती जर्मन भाषेची बी-२ पातळी गाठण्याची आणि पात्रता मान्य करून घेण्याची. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. तिकडे जायचे असेल तर दोन वर्षे पदवीत घालवण्यापेक्षा ती भाषेला द्यावीत. ब्रिटनमध्येही इंग्रजीची परीक्षा, संगणकावरील चाचणी आणि प्रात्यक्षिक परीक्षा यांवर भिस्त आहे. पदविका असल्याने वाट बंद होत नाही.

मध्यम मार्गही आहेत, आणि त्यांची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता, कर्करोग, नवजात शिशू, शस्त्रक्रियागृह अशा विषयांत एक वर्षाच्या पोस्ट बेसिक विशेष पदविका आखल्या आहेत आणि त्या जीएनएम परिचारिकेला खुल्या आहेत. खाटेजवळच राहायचे आणि त्यात पारंगत व्हायचे, अशी इच्छा असणारीला हे एक वर्ष अधिक उपयोगी पडते. शासकीय सेवेतल्या परिचारिकेने अभ्यासासाठी पगारी प्रतिनियुक्ती किंवा रजा मिळते का, हे आधी पाहावे. ती मिळाली तर वरच्या उदाहरणातले ४,८०,००० रुपये हिशेबातून निघून जातात आणि निर्णय जवळजवळ उलटा होतो.

पदवी घ्यायचीच ठरली तर फीचा आकडा महाविद्यालयाच्या तोंडून ऐकू नये. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५ च्या कायद्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्याच्या मंजुरीचा आकडा पाहून मगच पावती फाडावी. देणगी मागणे १९८७ पासून राज्यात कायद्याने मना आहे. जुलै २०२४ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे, पण ती व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला लागू नाही. आपली जागा आणि आपला अभ्यासक्रम तीत बसतो का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्यावे.

सर्वांत धोक्याची सवलत मात्र हजेरीची असते. फी भरा, परीक्षेला या, मधे नोकरी करा, अशी ‘नॉन-अटेंडिंग’ पदवी स्वस्त वाटते कारण पगार बुडत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने नर्सिंग महाविद्यालये तपासली, तेव्हा अनेक महाविद्यालये निकषांत बसतच नसल्याचे उघड झाले आणि त्यांतल्या मुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षे रखडल्या. प्रवेशापूर्वी महाविद्यालयाचे स्वतःचे रुग्णालय कोणते, त्याच्या किती खाटा खरोखर भरलेल्या असतात आणि विद्यार्थिनींच्या वॉर्ड ड्युटीचे वेळापत्रक कोण लावते, हे त्या रुग्णालयात जाऊन, तिथल्या इनचार्ज सिस्टरला विचारून घ्यावे. त्यासाठी एक दिवसाची रजा पुरते.