जिंकायचे, पण इतक्यात नाही!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे राहायला आला होता. यंदा तो नववीत आहे. आमच्या जुन्या संगणकावर 'सिव्हिलायझेशन' या खेळाची तिसरी आवृत्ती आहे. ती त्याने पहिल्याच दिवशी शोधून काढली. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी सहज त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावरच्या नकाशात जिकडे तिकडे त्याच्याच राज्याचा रंग पसरला होता. शत्रूची थोडी गावे उरली होती, तीही दुबळी.

"अरे, आणखी दोन-तीन गावे घेतलीस की जिंकलास! घे ना," मी म्हणालो.

"जिंकायचे आहे मामा, पण इतक्यात नाही. आत्ता जिंकलो तर गुण कमी पडतील."

आणि मग तो जेवणाची हाक येईपर्यंत एकच कळ दाबत बसला. कळ दाबायची, एक फेरी संपवायची. पुन्हा कळ, पुन्हा फेरी. मी विचारले, "मजा येते का रे यात?" तो म्हणाला, "मजा कसली? कंटाळा आलाय. पण गुण वाढताहेत ना!"

मित्रहो, त्याचे हे उत्तर मी अजून विसरलेलो नाही. कंटाळा घालवण्यासाठी माणूस खेळतो. मग गुण वाढावेत म्हणून कंटाळा सोसायला हा मुलगा कसा तयार झाला? तो आळशी नाही, मूर्ख तर मुळीच नाही. मग हे घडले कसे?

आधी हा खेळ कसा असतो ते पाहू. 'सिव्हिलायझेशन' म्हणजे संस्कृती. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचलेला हा खेळ १९९१ साली बाजारात आला. इ.स.पूर्व ४००० मध्ये तुम्ही एक लहानशी वस्ती वसवता. मग शेती, लिपी, चाक, लोखंड, वाफेचे इंजिन असे शोध लावत राज्य वाढवायचे. सारे काही बुद्धिबळासारखे आळीपाळीने. तुमची खेळी पुरी होईपर्यंत जग थांबून राहते. घाई नसते, हात चपळ असावा लागत नाही. विचार करायला हवा तितका वेळ मिळतो. म्हणून असे खेळ मला आवडतात, हे आधीच कबूल करतो.

आता गुणांकडे वळू. पहिल्या आवृत्तीत डावाच्या शेवटी हिशेब होई तो असा: प्रत्येक आनंदी नागरिकाचे २ गुण, समाधानी नागरिकाचा १ गुण, जगातले एखादे आश्चर्य बांधले तर त्याचे २०. नकाशावरचा एक चौकोन प्रदूषित राहिला तर १० वजा. वरवर पाहता हिशेब शहाणपणाचा वाटतो. पण गुणांवर डोळा ठेवणारा खेळाडू लगेच ताळेबंद मांडतो. एक आश्चर्य बांधले की २० आले, दोन चौकोन घाण झाले की २० गेले, फिटंफाट! घाणेरडी हवा आणि पिरॅमिड एकाच तराजूत तोलता येतात का, हा प्रश्न त्याच्या मनातही येत नाही. आकड्यांनी तो आधीच सोडवून टाकलेला असतो.

तिसरी आवृत्ती २००१ साली आली आणि तिच्यात हिशेब बदलला. आता प्रत्येक फेरीत तुमची जमीन आणि तुमचे सुखी नागरिक मोजायचे आणि आजवरच्या सर्व फेऱ्यांची सरासरी काढायची असे ठरले. पूर्ण डाव ५४० फेऱ्यांचा, तो इ.स. २०५० मध्ये संपतो. सरासरीचे गणित तुम्हाला येतेच. समजा, पहिल्या २०० फेऱ्यांत तुमचे सरासरी १००० गुण झाले आणि तेव्हाच तुम्ही जिंकलात; तर सरासरी १००० वरच थांबली. पण न जिंकता उरलेल्या ३४० फेऱ्या तुम्ही ५००० गुणांच्या मोठ्या राज्यावर बसून काढल्या तर? सरासरी साडेतीन हजारांच्या वर जाते. करून पाहा. लवकर जिंकणाऱ्याला काही जादा गुण मिळतात खरे, पण दीर्घकाळ बसून राहण्याचा लाभ बहुधा त्याहून मोठा ठरे. दुसरीकडे, जगातली दोन तृतीयांश जमीन आणि तितकीच लोकसंख्या हाती आली की डाव आपोआप जिंकून संपतो. म्हणून उच्चांकाच्या मागे लागलेले खेळाडू दोन तृतीयांशांच्या किंचित खाली थांबत आणि शेकडो फेऱ्या नुसत्या ढकलत. गाईचे दूध काढावे तसे डावातून गुण काढत राहणे, म्हणून इंग्रजीत या प्रकाराला 'मिल्किंग' म्हणतात. माझा भाचा नेमके हेच करत होता. कुणी न शिकवता त्याने ते शोधून काढले होते.

याच आवृत्तीतली झाडांची गोष्ट तर मोठी गमतीची आहे. जंगल तोडले की जवळच्या गावाला बांधकामासाठी थोडे बळ मिळे. खेळाडूंच्या ध्यानात आले की झाडे पुन्हा लावता येतात आणि पुन्हा तोडताही येतात! मग काय, शेकडो मजूर झाडे लावताहेत आणि तोडताहेत, लावताहेत आणि तोडताहेत. प्रत्येक मजुराला प्रत्येक वेळी हुकूम द्यायचा तो खेळाडूनेच. शेवटी खेळ रचणाऱ्यांना नियम बदलावा लागला: एका चौकोनातल्या जंगलाचे बळ एकदाच मिळेल. हा खेळ रचणाऱ्यांपैकी एक, सोरेन जॉन्सन, यांनी आपला अनुभव पुढे लिहून ठेवला आहे. त्याचा सारांश असा, की वाव मिळाला तर खेळाडू फायदा काढता काढता खेळातली गंमतही काढून टाकतात.

तिसरी सवय तुमच्यापैकी अनेकांना असेल. डाव साठवून ठेवायचा, लढाई करायची, हरलो की साठवलेला डाव उघडून तीच लढाई पुन्हा करायची, जिंकेपर्यंत! यावर रचनाकारांनी एक तोड काढली. संगणकाला खरोखरचे फासे टाकता येत नाहीत. तो एका मूळ संख्येपासून ठरावीक गणित करत पुढच्या संख्या काढतो. त्या मूळ संख्येला 'बीज' म्हणतात. बीज तेच ठेवले तर डाव कितीदाही उघडा, त्याच खेळीला तोच निकाल मिळतो. तिसऱ्या आवृत्तीत अशी सोय होती. तरीसुद्धा काही खेळाडू खेळ्यांचा क्रम बदलून हवा तो निकाल येईपर्यंत खटपट करतच राहिले. सवय अशी सहजी सुटत नाही.

सवय लागते कशी? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मांजर पेटीत कोंडायचे, बाहेर खाणे ठेवायचे. आत एक दोरी किंवा खिट्टी असे; ती हलली की दार उघडे. मांजर प्रथम वाटेल तसे ओरबाडे. दार योगायोगानेच उघडे. पण प्रत्येक खेपेस त्याला लागणारा वेळ कमी कमी होत गेला. ज्या कृतीमागून सुख येते ती कृती पुन्हा होते, असा निष्कर्ष थॉर्नडाइक यांनी काढला. आमच्या खेळात प्रत्येक फेरीअखेर वाढलेला आकडा हेच ते खाणे. आणि फेऱ्या ५४०! इतक्या वेळा खाऊ मिळाल्यावर बोटाला कळ दाबण्याची सवय लागली तर नवल काय?

कुणी म्हणेल, "हा माणसाचा लोभ आहे, गुणांचा काय दोष?" मग ज्याला लोभ ठाऊकच नाही त्याचे उदाहरण घेऊ. 'ओपन एआय' या अमेरिकन संस्थेने २०१६ साली एका संगणक-आज्ञावलीला बोटींच्या शर्यतीचा खेळ खेळायला लावले. हा खेळ आळीपाळीचा नव्हे, पण धडा तोच. शर्यत पुरी करायची हा हेतू. परंतु गुण मिळत ते वाटेतली लक्ष्ये टिपल्याबद्दल. आज्ञावलीला गुण वाढवायला सांगितले होते. तिने काय केले? एका खाडीत बोट गोल गोल फिरवत ठेवली आणि पुन्हा पुन्हा उगवणारी तीच तीन लक्ष्ये टिपत राहिली. बोट दुसऱ्या बोटींवर आदळली, तिला आग लागली, ती उलट दिशेने गेली; शर्यत पुरी झाली नाही ती नाहीच. आणि गुण? माणसांपेक्षा सरासरी २० टक्क्यांनी अधिक!

या आज्ञावलीला ना हाव, ना आळस. तिने फक्त सांगितलेला आकडा वाढवला. मला वाटते, इथेच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. गुण म्हणजे ध्येय नव्हे. ध्येयाकडे बोट दाखवणारी ती एक खूण आहे. खूण दुरून बरोबर दिसते. पण सगळे बळ खुणेवरच लावले की ती आणि ध्येय यांच्यातली फट मोठी होत जाते. आणि जितका हुशार खेळाडू, तितक्या लवकर त्याला ती फट सापडते.

याचा अर्थ गुण मोजूच नयेत असा नाही. गुण नसते तर आपली खेळी चांगली की वाईट हे नवख्याला कळले नसते. दूरदूरच्या खेळाडूंना एकमेकांशी तुलना करता आली नसती. उच्चांकाच्या ईर्ष्येने खेळणाऱ्यांनीच या खेळांतले नियम बारकाईने शोधून काढले, हेही खरे. माझी तक्रार गुणांवर नाही. आकडा काय मोजतो हे न विचारता त्याच्यामागे धावण्यावर आहे.

तुम्ही म्हणाल, "खेळच तर आहे, एवढे मनावर काय घ्यायचे?" तर माझीच एक गोष्ट सांगतो. शाळेत असताना लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९८० च्या आसपास यायला हवे, हे आम्हा सर्वांना पाठ होते. माझे उत्तर काही तसे येईना. मी लंबकाचा नाद सोडला, ९८० वरून उलटे गणित केले आणि सोयीची निरीक्षणे वहीत सुबक अक्षरात उतरवली. पूर्ण गुण मिळाले. साठवलेला डाव उघडून हवा तो निकाल काढणे ते हेच नाही का? माझा लंबक चुकत का होता? दोरीची लांबी मोजताना चुकलो, की आंदोलने मोजताना? तो लंबक मला काहीतरी सांगत होता. मी ऐकले नाही. गुण केव्हाच विसरलो, पण ते न ऐकलेले उत्तर आजही टोचते.

म्हणून एक प्रयोग सुचवतो. पुढचा डाव सुरू करण्यापूर्वी एका कागदावर एकच वाक्य लिहा: 'या डावात मला काय पाहायचे आहे?' एकही लढाई न करता टिकून राहता येते का? एकाच गावाचे राज्य कुठवर जाते? मग गुणांच्या आकड्यावर कागदाची पट्टी चिकटवा, हरलेली लढाई हरलेलीच राहू द्या आणि डाव संपवा. शेवटी पट्टी काढून गुण बघा आणि शेजारी लिहा, या डावात आपल्याला नवे काय कळले. असे तीन डाव पट्टीसह आणि तीन डाव पट्टीविना खेळून दोन्ही नोंदी ताडून पाहा. माझे म्हणणे चूक ठरले तर तसे खुशाल सांगा. विज्ञानात त्याला कमीपणा मानत नाहीत.

भाच्याने जायच्या आदल्या दिवशी हा प्रयोग केला. त्याच्या राज्याची राजधानी दुपारीच शत्रूने घेतली. पूर्वी त्याने लगेच जुना डाव उघडला असता. या वेळी तो उरलेल्या दोन गावांवर रात्रीपर्यंत लढला आणि हरला. जेवताना मात्र तो अखंड बोलत होता: पूल कुठे बांधायला हवा होता, कोणत्या शेजाऱ्याशी तह करायला हवा होता. गुण किती झाले ते मी विचारले नाही. त्यालाही सांगायचे सुचले नाही.