अंदाजाला फाशी, हिशेबाला माफी

परवा धरमपेठेत तर्री-पोहे खाताना एक निवृत्त स्नेही भेटले. "विकून टाकले बाप्पा सारे शेअर! कंपनीच म्हणून राहिली, पुढचं वर्ष कठीण आहे." पीएफचे पैसे होते ते. ताळेबंद पाहिला का, विचारलं तर म्हणाले, "तो कोण वाचते?"

इथेच माझं डोकं फिरतं.

१० एप्रिल २००३ ला इन्फोसिसने जपून अंदाज दिला आणि एका दिवसात शेअर चौथाईहून जास्त कोसळला. त्याच वर्षात महसूल मात्र सुमारे ३,६०० कोटींवरून ४,८०० कोटींवर गेला! २०२३ मध्ये पुन्हा तेच. १३ एप्रिलला ४ ते ७ टक्के वाढीचा अंदाज आला. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी, मग शनिवार-रविवार... म्हणजे विचार करायला चांगले तीन दिवस होते. तरी सोमवारी पळापळ. आणि गंमत म्हणजे, चलनाचा चढउतार वगळता प्रत्यक्ष वाढ झाली १.४ टक्के. 'फार सावध' म्हणून झोडपलेला अंदाजच फुगलेला निघाला!

अंदाज हा अंदाजच हो. पण झालेल्या कमाईचं काय?

सत्यम आठवते? मिहानमध्ये तिने जागा घेतली तेव्हा आपण नागपूरकर किती हुरळलो होतो! सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत तिने महसूल दाखवला २,७०० कोटी, खरा होता २,११२ कोटी. नफ्याचं प्रमाण दाखवलं २४ टक्के, खरं ३. हे कळलं ते ७ जानेवारी २००९ ला, राजूंनी स्वतः पत्र लिहून दिलं तेव्हा. तोवर लेखापरीक्षकाची सही होती, सुशासनाचा पुरस्कारही होता.

ठरलेल्या रकमेच्या कंत्राटात सॉफ्टवेअर कंपनी जसं काम होईल तसा महसूल लिहिते, बिल नंतर लावते. यात गैर काही नाही. पण काम किती टक्के झालं हे आधी कंपनीच ठरवते. म्हणून महसूल दहा टक्क्यांनी वाढला आणि बिल न लावलेली रक्कम चाळीस टक्क्यांनी, तर विचारायला नको का, की बाबा, गिऱ्हाईक पैसे देणार केव्हा? हा आकडा ताळेबंदात छापलेला असतो. टीव्हीवरचे पंडित त्यावर अवाक्षर काढत नाहीत, त्यांना फक्त 'पुढची तिमाही' हवी.

स्नेह्यांना हे सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण आता घेऊ कोणता, ते सांग ना."