बाप्तिस्म्यानंतरची चाळीस वर्षे

उत्तर प्रदेशच्या २०२१च्या कायद्याप्रमाणे धर्म बदलू पाहणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. सरकारी कागदाला तारीख लागते, त्यात नवल नाही. नवल याचे वाटते, की धर्मांतराने संतापणारे आणि हर्षभरित होणारे, दोघेही त्याच एका तारखेवर अडून बसतात. माणूस त्या दिवशी आत काय घेऊन गेला आणि पुढे त्याचे काय झाले, याच्याशी कोणालाच फारसे देणेघेणे नसते.

पंडिता रमाबाईंची ती तारीख २९ सप्टेंबर १८८३. इंग्लंडमधल्या वाँटेज गावी त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला आणि पुण्यात गहजब झाला. त्या गोंधळात एक गोष्ट मागे पडली: रमाबाईंच्या आयुष्यात संकटांनी आधी श्रद्धा दिली नव्हती, काढून घेतली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडत. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण पाठोपाठ गेले. सगळी व्रते, उपास, दानधर्म करूनही देव पावला नाही, हे भावाबहिणीने उपाशीपोटी पाहिले. पुढे कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, पण भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच पती बिपिन बिहारी मेधवी पटकीने गेले; मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. दुःखाने माणूस आपोआप देवाजवळ जातो असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम एकदा नीट पाहावा.

बाप्तिस्म्याने तरी प्रश्न सुटले का? उलट वाढले. रमाबाईंबरोबर इंग्लंडला गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याआधी काही आठवडेच वाँटेजमध्ये आत्महत्या केली होती. त्या धक्क्यातच रमाबाई ख्रिस्ती झाल्या, आणि लगेच वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद जुंपला. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना. क्रुसावरची अक्षरे लॅटिन का, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. मांसाहार त्यांनी स्वीकारला नाही. चेल्टनहॅमला त्यांनी इंग्रज पुरुषांना शिकवावे या कल्पनेवर मुंबई आणि लाहोरचे बिशप नाखूष झाले. एका हिंदुस्थानी विधवेने चर्चचेही निमूट ऐकू नये, हे या बिशपांच्या पचनी पडण्यासारखे नव्हतेच.

त्या वादाला हट्टीपणा म्हटले गेले. खरे तर तिथेच त्यांच्या श्रद्धेला कणा येत होता. स्वतः रमाबाईंनी पुढे ‘अ टेस्टिमनी’ या १९०७च्या पुस्तिकेत कबूल केले, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे १८८३ साली पुणेकर ज्यावर भांडले ते बाईंच्या लेखी जेमतेम सुरुवात होती.

१८८९ साली रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. धर्माबाबत तटस्थ राहण्याचे आश्वासन होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, मुली येऊन बसत. यावरून १८९३ साली ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विरोधकांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता: अनाथ विधवेवर आश्रयदात्रीच्या श्रद्धेचा प्रभाव पडणारच. पण त्या मुलींना दुसरा आसरा देणारे त्या वेळी किती होते, हेही विचारायला हवे.

रमाबाई मात्र खचल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी, पोरक्या मुली केडगावच्या माळावर घेऊन आल्या. विहिरी खणल्या, शेती, माग, छापखाना उभा राहिला. १९००च्या सुमारास तिथल्या या मुक्तिसदनात दीड हजारांच्या घरात बायामुली होत्या. एका दुष्काळाने ज्यांच्या घराची राखरांगोळी केली, त्या बाईने दुसऱ्या दुष्काळात हे उभारले. याला नुसती सहनशीलता म्हणणे फार कमी पडते.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट याहून हळू, आणि कदाचित म्हणूनच अधिक विश्वासार्ह. त्यांचे पती नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी ख्रिस्ती झाले तेव्हा त्या हादरून गेल्या. त्यांच्या वडिलांच्या घरात सोवळ्याचा इतका अतिरेक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. अशा घरची मुलगी पतीच्या मागे लगेच कशी जाणार? विरहाची वर्षे गेली. नंतर त्या पतीकडे नगरला आल्या तरी स्वयंपाक निराळा. जात ही माणसांनी केलेली आहे, हे कोणा प्रवचनकाराने त्यांच्या गळी उतरवले नाही. रोजच्या व्यवहारात स्वतःशीच झगडत त्या तिथे पोहोचल्या. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते, की या बाईने देवाच्या नावावरही कधी खोटे गांभीर्य आणले नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे त्यांनीच पूर्ण केले.

रमाबाईंनीही उतारवयात एक काम अंगावर घेतले होते: साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी केडगावच्या बायकांनीच करायची. जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. मराठी चर्चमधून आज प्रामुख्याने बायबल सोसायटीचेच भाषांतर वाचले जाते. रमाबाईंचे नाव शाळांना, सभागृहांना मिळाले. त्यांच्या मराठीकडे मात्र त्यांच्या धर्मबांधवांनीही फारसे वळून पाहिलेले नाही, आणि ती कसर अजूनही भरून काढता येईल.