कॅम्पर व्हॅनमधली शिदोरी

कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन कोकणात, गोव्यात जाणारी कुटुंबे अलीकडे दिसू लागली आहेत. गाडीतच शेगडी, झोपायची सोय आणि छोटा फ्रिज. पहिल्या सहलीच्या उत्साहात आदल्या रात्री पुलाव, रस्साभाजी, दहीभात असे डबे भरले जातात आणि पहाटे गाडीतल्या फ्रिजमध्ये कोंबले जातात. फ्रिज आहे म्हणजे काळजी मिटली, हा समज इथेच नडतो.

हा छोटा फ्रिज गार अन्न गार ठेवण्यापुरता असतो. कोमट डबे झटपट थंड करण्याची ताकद त्यात नसते. डबे खेटून भरले, दार वरचेवर उघडले किंवा गाडी उन्हात उभी राहिली, की आतले तापमान चढते. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू जोमाने वाढतात. म्हणून शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. पारा ३२ अंशांवर गेला असेल, तर एकच तास. मे महिन्यात हा तास पहिल्या घाटाआधीच संपतो.

'खाताना पुन्हा उकळू' हा दुसरा गैरसमज. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही तग धरतात. भात कोमट राहिला, की ते वाढून विष तयार करतात. स्वयंपाक करणाऱ्याच्या हाताच्या जखमेतून अन्नात जाणारा स्टॅफिलोकॉकसही असेच विष सोडतो. ही विषे उकळूनही टिकतात. काही तासांतच उलट्या आणि पोटात कळा सुरू होतात, आणि तेव्हा गाडी दवाखान्यापासून दूर असू शकते.

यावरचा उपाय जुन्या शिदोरीत आहे. भाकरी, शेंगदाण्याची सुकी चटणी, मेतकूट, चिवडा, लाडू यांत पाणी कमी, म्हणून ते टिकतात. तांदूळ, मूगडाळ, पोहे, कांदे-बटाटे कोरडे न्यावेत आणि मुक्कामी एका वेळेपुरतेच शिजवावे. शेगडी पेटवताना खिडक्या उघड्या हव्यात. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. भाजी करून न्यायचीच, तर पसरट भांड्यात लवकर गार करून रात्रभर घरच्या फ्रिजमध्ये ठेवावी. गाडीतला फ्रिजही आदल्या रात्रीच चालू करावा आणि आत छोटा तापमापक ठेवावा. कच्ची मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात, सर्वांत खाली.

पिण्याचे पाणी भरपूर न्यावे, सोबत ओआरएसची पाकिटे. पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात ती विरघळवावीत. उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल किंवा मूल सुस्तावले असेल, तर पुढचा मुक्काम सोडून आधी जवळचे आरोग्य केंद्र गाठावे.