कुत्र्याची गोधडी आणि घरचे मशीन

'डॉक्टर, कुत्र्याची गोधडी घरच्या वॉशिंग मशीनमध्ये धुतली तर चालते का?' असा प्रश्न हल्ली दवाखान्यात वारंवार येतो. माझे मत स्पष्ट आहे : चालते, पण घरच्या कपड्यांबरोबर नाही. या गोधडीत पिसवांची अंडी, गोचिडी, क्वचित गजकर्णाची बुरशीही असते. नुसत्या गार पाण्याने हे सारे मरेलच असे नाही. म्हणून घराबाहेर ब्रशने केस काढून गोधडी एकटीच मशीनमध्ये टाकावी. पाणी ६० अंश सेल्सिअस असावे. मशीनला हीटर नसेल, तर आधी बादलीत कढत पाण्यात भिजवावी. नंतर मशीनची जाळी साफ करावी आणि गोधडी कडक उन्हात वाळवावी. आठवड्यातून एकदा एवढे पुरे.

कुत्र्यालाही पशुवैद्यकांकडून पिसवांचे औषध द्यावे. नाहीतर धुतलेल्या गोधडीत पिसवा पुन्हा हजर!

आणि घरात कोणाला गजकर्ण झाले, तर लगेच कुत्र्याला हाकलू नका. आपल्याकडे ते बहुधा माणसाकडूनच माणसाला, टॉवेल-कपड्यांतून लागते. दुकानातून मनानेच आणलेले स्टेरॉईडचे मलम त्या मुक्या जिवापेक्षा कितीतरी घातक आहे.