'द्वारा' किती दिवस?

एका लिनक्स यंत्रावर तीन-चार व्हर्च्युअल मशीन चालवणं आता अगदी घरगुती काम झालंय. (हे नवीन असलेल्या काका-मावश्यांसाठी: एका संगणकाच्या पोटात आणखी काही संगणक, बस्स!) खरा प्रश्न पुढेच आहे. या पोटातल्या मंडळींना पत्ता कुठला द्यायचा?

आपण काहीच ठरवलं नाही, तर लिबव्हर्ट त्यांना १९२.१६८.१२२ ने सुरू होणारे खासगी पत्ते देतं आणि सगळ्यांना होस्टच्या एकाच आयपीमागे बसवतं. हेच ते नॅट. पूर्वी मुंबईत मामाकडे राहणाऱ्या भाच्याची पत्रं 'द्वारा अमुक' अशी यायची ना, तसंच. भाच्याने पत्र धाडलं की उत्तर येतं. पण त्याला शोधत कुणी परस्पर आलं, तर मामाला आधी सांगून ठेवलेलं हवं. त्या सांगून ठेवण्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. दोन मशीनना एकच पोर्ट हवा असला, की आली पंचाईत!

माझं स्पष्ट मत: बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या प्रत्येक मशीनला स्वतःचा आयपी असावा. काम अवघड नाही. होस्टवर ब्रिज बनवायचा, नेटवर्क कार्ड त्याला जोडायचं, होस्टचा आयपी कार्डावरून ब्रिजवर न्यायचा आणि मशीनही तिथेच जोडायची. मग राउटर प्रत्येकाला वेगळा पत्ता देतो. वायफायवर मात्र हे सहसा जमत नाही, वायर लागते. भाड्याच्या सर्व्हरवर स्विच एकच मॅक पत्ता मानत असेल, तर होस्टलाच राउटर करून जादा आयपी आत पोचवावे लागतात.

"पण नॅटमुळे सुरक्षा मिळते!" असं कुणीतरी म्हणेलच. अहो, ते काम फायरवॉलचं. उलट सामायिक पत्त्याचा तोटा बघा. एका मशीनमधून स्पॅम गेला, तर काळ्या यादीत सगळ्यांचाच आयपी जातो. करणार एक, भोगणार सगळे.

आणि हे फक्त आपल्या होस्टपुरतं नाही. आयपीव्हीफोरचे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. आयानाचा साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या कित्येक घरांना एकाच पत्त्यामागे बसवतात. घरच्या यंत्रावर स्वतःचा ब्लॉग मांडायचा म्हटलं, तर बाहेरून यायला दारच नाही! मग राहायचं दुसऱ्याच्या जागेत. २००९ मध्ये जिओसिटीज बंद झालं, तेव्हा तिथल्या बिऱ्हाडांचं काय झालं ते आपण पाहिलंच.

उपाय आहे. आयपीव्हीसिक्समध्ये घराला मिळणाऱ्या एका स्लॅश ६४ मध्येच अख्ख्या आयपीव्हीफोरच्या ४२९ कोटी पट पत्ते बसतात. मशीनला एक काय, दहा द्या! फक्त फायरवॉल आधी लावा.

असो. मंडळी, तुमच्या यंत्रांना स्वतःचा पत्ता आहे, की अजून मामाकडेच मुक्काम?